लढत थांबवली तेव्हा तुम्ही काय केलंत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बॉक्सिंग आणि रग्बी तुम्ही लहानपणापासून बघता, अलीकडे एमएमएचीही, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या झुंजींचीही, गोडी लागली आहे. पण या खेळाडूंच्या मेंदूचं पुढे काय होतं हे वाचल्यापासून बघताना कुठेतरी टोचत राहतं. शेजारी बसून बघणारा १२ वर्षांचा मुलगा आता बॉक्सिंग शिकायचं म्हणतोय. बघणं सोडावं का, आणि मुलाला पाठवावं का?

मी क्रीडावैद्यकातला डॉक्टर. २२ वर्षं रिंगच्या कडेला बसतोय, मधली काही वर्षं रग्बीच्या मैदानावरही काढली. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल तुम्हाला अपराधी वाटतंय तिच्यावर माझी थोडीफार रोजीरोटी चालते. माझं म्हणणं त्या हिशेबाने पारखून घ्या.

आधी एक कबुली देऊन टाकतो. एका लढतीत सातव्या राउंडला लाल कोपऱ्यातल्या मुलाने डाव्या हाताचा जॅब नुसता दाखवला आणि उजव्याचा ठोसा असा काही मारला, की समोरच्याचे गुडघे उभ्या जागी निकामी झाले. अख्खं सभागृह उभं राहिलं. मीही उभा राहिलो. पडलेल्याकडे धावणं हे माझं काम, आणि मी धावलोही. पण खुर्चीतून उठलो होतो तो धावण्यासाठी नव्हे. तो दीड सेकंद मी विसरलेलो नाही.

त्यामुळे ‘आम्ही फक्त कौशल्य बघतो, हिंसेशी आम्हाला देणंघेणं नाही’ असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. बॉक्सर मान दोन बोटं बाजूला करतो आणि ठोसा कानाजवळून निघून जातो, तेव्हा आपला श्वास अडकतो. तो ठोसा लागला असता तर काय झालं असतं हे ठाऊक असतं म्हणून अडकतो. धोका काढून टाका, मागे उरते ती कवायत. आनंदात धोका कालवलेला आहे हे मान्य करूनच पुढे बोलू या.

आता तो धोका नेमका काय आहे? मेंदू मऊ असतो आणि कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोकं झटक्याने फिरलं की कवटी फिरते आणि मेंदू क्षणभर मागे राहतो. या ओढाताणीत आतले बारीक तंतू ताणले जातात. कधी मेंदू आणि वरच्या आवरणाच्या मधली एखादी शीर तुटते आणि रक्त साचू लागतं. दुसरा प्रकार तासाभरात जीव घेऊ शकतो. पहिला वर्षानुवर्षं साचत जातो. हेल्मेट किंवा हेडगार्ड कवटी फुटण्यापासून आणि कातडी फाटण्यापासून वाचवतं. आतला मेंदू हेलकावतो तो हेलकावतोच. म्हणूनच २०१३मध्ये हौशी बॉक्सिंगने पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढायला सुरुवात केली आणि २०१६च्या ऑलिंपिकमध्ये पुरुष बोडक्या डोक्याने लढले. बघणाऱ्यांना तो अघोरीपणा वाटला, पण त्यामागे काहीएक विचार होता.

हे ज्ञान नवं आहे अशी एक समजूत आहे. तसं नाही. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने ‘ठोशांची नशा चढलेल्या’ बॉक्सरांवर १९२८मध्येच लिहिलं होतं. बॉक्सर म्हटल्यावर समाजाने ते पचवलं. खळबळ उडाली ती २००२नंतर, बेनेट ओमालू यांनी माइक वेब्स्टर या अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूत तसाच आजार पाहिला तेव्हा. त्याचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे सीटीई. टाऊ नावाचं प्रथिन मेंदूत विशिष्ट जागी साचत जातं, स्वभाव बदलतो, स्मृती जाते. नक्की निदान अजूनही मृत्यूनंतरच होतं.

२०१७चा एक आकडा तुम्ही वाचला असेल: एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, त्यांतल्या ११० जणांत सीटीई सापडला. आकडा खरा आहे, पण तो वाचायचा कसा हे माहीत हवं. ज्यांच्या घरच्यांना काहीतरी बिनसलेलं दिसलं होतं त्यांनीच बहुतेक हे मेंदू दिले होते. त्यामुळे शंभरातल्या नव्व्याण्णव खेळाडूंना हा आजार होतो असा अर्थ निघत नाही. मला त्यापेक्षा जास्त अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. या आजाराचा संबंध किती वेळा बेशुद्ध पडलात याच्याशी कमी आणि किती वर्षं खेळलात याच्याशी जास्त दिसतो. म्हणजे टाळ्या घेणारा एक भयंकर फटका राहतो बाजूला, आणि कुणाचं लक्षही जात नाही असे हजारो किरकोळ धक्के हिशेबात धरावे लागतात.

आणि हे फक्त ‘हिंसक’ खेळांपुरतं नाही. इंग्लंडचा फुटबॉलपटू जेफ अ‍ॅस्टल २००२मध्ये वारला, तेव्हा मृत्यूच्या चौकशीत त्याचं कारण चक्क ‘व्यवसायजन्य आजार’ असं नोंदवलं गेलं; चेंडू डोक्याने मारून मारून झालेला. २०१९मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची पाहणी केली. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीन पट निघालं. गंमत म्हणजे हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण कमी होतं. खेळ एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो. हिशेब सरळ नाही.

‘ते सज्ञान आहेत, धोका पत्करून उतरतात’ हा युक्तिवाद मला निम्माच पटतो. आपल्याकडे म्हणतात, मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव. इथला उंदीर स्वतःच्या पायांनी, सही करून पिंजऱ्यात येतो, हे खरं. पण ती सही त्याने कशाच्या आधारावर केली? एनएफएलने १९९४मध्ये डोक्याच्या दुखापतींवर समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी बसवला तो संधिवाताचा डॉक्टर. त्या समितीने वर्षानुवर्षं धोका किरकोळ ठरवला. तोवर खेळलेल्यांच्या संमतीला काय अर्थ? उलट २०१५मध्ये ख्रिस बोरलँड हा खेळाडू एकच हंगाम खेळून, सगळं वाचून-विचारून, २४व्या वर्षी बाहेर पडला. त्याचं बाहेर पडणं मला माहिती घेऊन केलेली निवड वाटते. तेवढीच माहिती घेऊन कुणी आत राहिला, तर त्याच्या निवडीचाही मी मान राखीन.

संमतीची दुसरी अडचण मी रिंगमध्ये रोज बघतो आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मार बसतो तो मेंदूला, आणि ‘पुढे खेळू शकतोस का’ हे विचारायचं ते त्याच मेंदूला. पायाचा घोटा सुजला तर खेळाडू तुम्हाला खरं सांगू शकतो. डोकं दुखावलं की सांगणाराच जाग्यावर नसतो. माझ्या अनुभवात ‘बरा आहेस ना?’ला ‘नाही’ असं उत्तर दोनदा आलंय. बावीस वर्षांत.

एक रात्र सांगतो. आठव्या आणि नवव्या राउंडमधल्या ६० सेकंदांत मी पायऱ्या चढून कोपऱ्यात गेलो. पोराच्या भुवईवर कट होता, त्याचा माणूस बर्फात ठेवलेली लोखंडी पट्टी गालावर दाबत होता. मी टॉर्च मारला. दोन्ही बाहुल्या सारख्या. विचारलं, ‘कितवा राउंड?’ म्हणाला, ‘नववा.’ उत्तर बरोबर. पण ते अर्धा श्वास उशिरा आलं, आणि त्याआधी त्याची नजर प्रशिक्षकाच्या हाताकडे गेली होती. आणखी एक गोष्ट मी पाहिली होती: घंटा झाल्यावर स्टुलावर बसताना त्याने हाताने स्टूल चाचपलं होतं. ‘डॉक्टर, गुणांवर पुढे आहे तो. दोनच राउंड राहिलेत,’ प्रशिक्षक म्हणाला. मागे तीनेक हजार लोक त्या पोराच्या नावाने ओरडत होते. मी खाली उतरलो.

पुढच्या दोन राउंडमध्ये काहीच झालं नाही. तो जिंकला. पंधरा मिनिटांनी कपडे बदलायच्या खोलीत त्याने मला विचारलं, ‘मी जिंकलो का?’ मी हो म्हणालो. बुटाची नाडी सोडता सोडता त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी रुग्णवाहिकेला हाक मारत होतो आणि तो ओकत होता. कवटी उघडून रक्त काढावं लागलं. तो वाचला. आज नोकरी करतो. शब्द थोडे उशिरा येतात. मला तो कधी दोष देत नाही, आणि मला ते जड जातं.

त्या रात्री मी का उतरलो याचा विचार मी पुष्कळ केलाय. बाहुल्या सारख्या होत्या, उत्तर बरोबर होतं, हे सगळं कागदावर ठीक आहे. खरी गोष्ट अशी की थांबवलं असतं तर तीन हजार लोक माझ्यावर उखडले असते, आणि ते मला नको होतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘बघा’ किंवा ‘बघू नका’ असं येत नाही. मी तुम्हालाच विचारतो: लढत मध्येच थांबवली जाते, हार मान्य म्हणून कोपऱ्यातून टॉवेल पडतो, डॉक्टर मान हलवतो, त्या क्षणी तुम्ही काय करता? हळहळता की शिव्या घालता? कारण तो आवाज रिंगपर्यंत पोहोचतो. रेफ्रीच्या कानात जातो, प्रशिक्षकाच्या, आयोजकाच्या, आणि माझ्याही. घरी टीव्हीसमोर बसून ‘फार लवकर थांबवली’ म्हणून चरफडणारे लाखो लोक दुसऱ्या दिवशी समालोचनात आणि तिकिटांच्या हिशेबात उतरतातच. प्रेक्षक खेळाच्या बाहेर बसलेला नसतो. संत ऑगस्टिनने आपला मित्र अ‍ॅलिपियस याची गोष्ट सांगितली आहे. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढून ग्लॅडिएटरांच्या झुंजीला नेलं. हा डोळे घट्ट मिटून बसला. मग गर्दीतून एक आरोळी उठली, त्याने डोळे उघडले आणि तिथेच फसला. डोळे मिटता येतात, कान नाही. सोळाशे वर्षांपूर्वीचा तो माणूस मला कोपऱ्यात उभ्या असलेल्या प्रत्येक डॉक्टरमध्ये दिसतो.

नियम कुणासाठी बनतात हेही यातूनच कळतं. बॉक्सिंगच्या १८६७च्या क्वीन्सबेरी नियमांनी ग्लव्ह्ज आणले आणि खेळ सभ्य झाला असं मानलं गेलं. प्रत्यक्षात ग्लव्ह वाचवतो तो मारणाऱ्याचा हात. उघड्या मुठीने कवटीवर सपाटून मारलं तर बोटं मोडतात. गादी बांधली की डोक्यावर हवे तेवढे मारा. त्याच नियमांतली दहा आकड्यांची मोजणी बघा. पडलेला माणूस म्हणजे मेंदूला नुकताच धक्का बसलेला माणूस. त्याला दहा सेकंद देऊन आपण म्हणतो, ऊठ आणि आणखी घे. तो उठतो तेव्हा सगळ्यात मोठा जल्लोष होतो. या एका बाबतीत मला एमएमए बरं वाटतं: तिथे मोजणी नाही, भान गेलं की लढत संपली. तिथले रेफ्री कधी कधी दोन ठोसे उशिरा पोहोचतात, हे वेगळं.

आणि नियम बदलतात. १३ नोव्हेंबर १९८२ला लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनी विरुद्ध दुक कू किम ही लढत अमेरिकेत टीव्हीवर थेट दिसत होती. १४व्या राउंडमध्ये किम पडला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर जागतिक किताबाच्या लढती १५ राउंडवरून १२वर आल्या. १९९१मध्ये लंडनला ख्रिस युबँकविरुद्धच्या लढतीत मायकेल वॉटसन कोसळला. रिंगशेजारी त्याचा श्वास चालू ठेवण्याची सोय नव्हती, आणि आधी नेलं त्या रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती. तो ४० दिवस कोमात होता. त्याने ब्रिटनच्या बॉक्सिंग मंडळाला कोर्टात खेचलं, आणि २०००मध्ये अपील कोर्टाने मंडळाची जबाबदारी मान्य केली. आज मी रिंगशेजारी बसतो तेव्हा भूलतज्ज्ञ, रुग्णवाहिका आणि आधी कळवून ठेवलेलं न्यूरोसर्जरीचं रुग्णालय या तीन गोष्टी हजर नसतील तर घंटा वाजत नाही. हे आम्हाला वॉटसनने मिळवून दिलं. २००३मध्ये त्याने लंडन मॅरेथॉन सहा दिवसांत चालून पूर्ण केली, तेव्हा शेवटच्या टप्प्यात युबँक त्याच्याबरोबर होता.

मग बंदी का नको? ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने १९८०च्या दशकापासून बॉक्सिंगवर बंदी मागितली आहे, आणि त्यांचा मुद्दा तगडा आहे: रग्बीत इजा होते, बॉक्सिंगमध्ये ती करायचीच असते. फरक खरा असला तरी मेंदूला हेतू कळत नाही. २००३चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या रग्बी संघातला स्टीव्ह थॉम्पसन चाळिशीच्या सुरुवातीलाच स्मृतिभ्रंशाने ग्रासला, आणि तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही. त्याला कुणी मुद्दाम बेशुद्ध पाडायला निघालं नव्हतं. नॉर्वेने १९८१ ते २०१४ व्यावसायिक बॉक्सिंग बंद ठेवलं. तिथले बॉक्सर परदेशात जाऊन लढले. बंदी मला चूक वाटत नाही, अपुरी वाटते. पण हेतूचा फरक एका ठिकाणी उपयोगी पडतो: रग्बीत टॅकलची, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडण्याची, उंची खाली आणता येते. बॉक्सिंगमध्ये काय खाली आणणार? तिथे कमी करण्यासारखे आहेत ते राउंड, सराव आणि कारकिर्दीची वर्षं.

मी काय बघत नाही तेही सांगतो. चाळिशी उलटलेल्या, जीभ जड झालेल्या जुन्या विजेत्याचं पुनरागमन मी बघत नाही. एकाला दुसऱ्याचा पाय धुवायची लायकी नाही अशी जुळवणी, जी फक्त एकाच्या खात्यात विजय भरण्यासाठी केलेली असते, तीही नाही. आणि ते थपडा मारायचे सामने तर अजिबात नाही. तिथे अंग चोरलं तर फाउल. हात मागे ठेवून उभं राहायचं आणि खायची. वर म्हटलं ना, मान दोन बोटं बाजूला होते तिथे खेळ आहे. इथे नेमकी तीच हालचाल नियमाने मना केली आहे. पोलंडमध्ये २०२१ला अशा सामन्यानंतर एका स्पर्धकाचा मृत्यू झाला. तरी पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने या प्रकाराला परवाना दिला.

तुम्ही एकट्याने टीव्ही बंद केल्याने काही फरक पडेल का, असंही विचारलंत. फार नाही. पण बघणाऱ्यांना काही गमवावं न लागता खूप काही बदलता येतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. डोक्याला बसणारे बरेचसे मार सामन्यात बसतच नाहीत, सरावात बसतात. एनएफएलने २०११च्या करारात हंगामातले पूर्ण टकरीचे सराव १४वर आणले. अमेरिकेतल्या आयव्ही लीगच्या विद्यापीठांनी २०१६मध्ये हंगामातल्या सरावातून टॅकलिंगच काढून टाकलं. रविवारी सामना बघणाऱ्याला यातलं काही जाणवलं का?

हाच मुद्दा तुमच्या मुलाला लागू होतो. अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११मध्ये मिळून सांगितलं की मुलांनी आणि किशोरांनी बॉक्सिंग करू नये. मी त्यांच्याइतका कडक नाही. दोरीवरच्या उड्या, पायांची चाल, पॅडवर ठोसे, स्वतःच्या सावलीशी लढत, हे सगळं त्याने खुशाल करावं. त्यात घाम आहे, शिस्त आहे, आणि अंग चपळ होतं. डोक्यावर ठोसे घेणारं स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, मात्र नाही. १८पर्यंत तर नाहीच, हेडगार्ड घालूनसुद्धा नाही. ‘हलकं’ म्हणतात त्या स्पारिंगलाही नाही, कारण दोन पोरं समोरासमोर आली की हलकं फार वेळ हलकं राहत नाही.

क्लब बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या चषकांकडे लक्ष देऊ नका. कोपऱ्यात उभे राहून तासभर सराव बघा आणि निघताना प्रशिक्षकाला विचारा, ‘शेवटचं स्पारिंग तुम्ही मध्येच कधी थांबवलं होतं?’ जो पटकन म्हणेल ‘परवा, त्या निळ्या शर्टवाल्या पोराचं’, त्याच्याकडे नाव घाला. आठवायला वेळ लागला, तर दुसरा क्लब शोधा.